मधे माणूस नको: ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याची सोपी रीत

(या भागात बोललेलं इथे लिहून दिलंय. बोलण्यातली अडखळ काढलीय, बाकी भाषा आहे तशीच ठेवलीय.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात काय बोलायचं? ट्रॅक्टर मागे घ्यायचा, पिन टाकायची, निघायचं. झालं. पण खरं सांगा, तुमच्या घरात ट्रॅक्टर असेल तर या पाच मिनिटांच्या कामात किती वेळा आरडाओरडा झालाय? "मागं घे... घे... घे... आरं थांब! फुडं घे!" बाप ओरडतोय, पोरगं घामाघूम झालंय, दांडी एका बाजूला, हूक दुसऱ्या बाजूला. माझ्या घरात हे रोज व्हायचं. आम्ही सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे. ऊस, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, हाच आमचा हिवाळा.

तर आज ट्रॉली सोप्या पद्धतीनं कशी जोडायची ते सांगतो. पण आधी मी हे शिकलो कसं ते सांगावं लागेल, कारण फुकट शिकलेलो नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. लायसन नवीन, अंगात मस्ती भरपूर. डिसेंबर महिना, पहाटेचे पाच. उसाला तोड आलेली, टोळी फडात पोचलेली, आणि आमच्या ट्रॉल्या अजून घरामागच्या रानात उभ्या. माझा चुलतभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, माझ्यासोबत होता. आदल्या रात्री ट्रॉली मीच सोडली होती. कंटाळा आलेला, म्हणून जिथे थांबलो तिथेच सोडली. वाकडी. दांडी खाली मातीत टेकलेली, वर दव पडलेलं.

दादा मधे उभा राहिला, वाकला, दोन्ही हातांनी दांडी उचलून धरली आणि म्हणाला, "ये मागं हळूहळू." मी रिव्हर्स टाकला. पायात ओली चप्पल. क्लचवरून पाय सटकला. ट्रॅक्टरनं फक्त एक उडी मारली, फूटभराची. दादाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं रिंग आणि हूक यांच्यामधे सापडली. दोन्ही बोटांची पुढची पेरं गेली.

दवाखान्यात मी नुसता रडत होतो. "माझा पाय सटकला, माझी चूक झाली." तेव्हा दादा जे बोलला ते आजपर्यंत विसरलो नाही. म्हणाला, "पाय कुणाचाबी सटकतो. माझा हात तिथं कशाला होता, ते सांग."

मंडळी, आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे. हात तिथं कशाला होता? दांडी उचलून धरायला. दांडी उचलावी का लागली? कारण ती मातीत पडली होती. ती मातीत का पडली होती? कारण रात्री मी ट्रॉली तशी सोडली होती. म्हणजे अपघात सकाळी पाचला झाला, पण त्याची तयारी मी रात्री नऊलाच करून ठेवली होती.

म्हणून पहिला नियम. ट्रॉली जोडणं सोपं करायचं असेल तर त्याची सुरुवात ट्रॉली सोडताना करा.

सोडताना काय करायचं?

एक, जागा. सपाट आणि कडक जमीन बघा. पुढे ट्रॅक्टर सरळ आत घालायला आणि सरळ मागे घ्यायला मोकळी जागा हवी. भिंतीला नाक लावून ट्रॉली उभी करू नका. दिसायला छान दिसतं, सकाळी बोंब होते.

दोन, दिशा. चार चाकी ट्रॉली असेल तर तिची पुढची चाकं फिरणाऱ्या टर्नटेबलवर असतात आणि दांडी त्यालाच जोडलेली असते. सोडण्याआधी ट्रॅक्टर दहा-पंधरा फूट नाकासमोर सरळ पुढे घ्या. चाकं आपोआप सरळ होतात, दांडीही सरळ राहते. सकाळी निम्मं काम झालेलं असतं.

तीन, चाकाला दगड. आपल्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा पार्किंग ब्रेक नसतो, किंवा असला तरी चालत नाही. त्यामुळे पिन काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. आधी दगड, मग पिन. रिकामी ट्रॉलीसुद्धा टनाच्या वर भरते. ती एकदा उतारानं निघाली की दोन माणसांनी धरून थांबत नाही.

चार, उंची. ही सगळ्यात महत्त्वाची. दांडी जमिनीवर टाकायचीच नाही. चार चाकी ट्रॉलीची दांडी वरखाली हलते, तिला ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्याला साखळीनं टांगून ठेवता येतं. आम्ही साखळीच्या एका कडीला लाल रंग लावलाय. ती कडी आकड्यात अडकवली की दांडी बरोबर आमच्या ट्रॅक्टरच्या हुकाच्या उंचीला राहते. खर्च किती? साखळीचा एक तुकडा आणि एक आकडा.

दोन चाकी ट्रॉली असेल तर तिला स्टँड किंवा फिरवायचा जॅक असतो. जमीन मऊ असेल तर त्याच्याखाली जाड फळी ठेवा, नाहीतर रात्रभरात तो रुततो आणि सकाळी उंची चुकते. उंची मोजायची कशी? टेप शोधत बसू नका. एक काठी घ्या, ट्रॅक्टरच्या हुकापाशी उभी धरा, खूण करा. ती काठी ट्रॉलीतच ठेवा. स्टँड त्या खुणेपर्यंत आणून ठेवला की काम झालं.

हे चारही केलं तर सकाळी दांडी धरायला माणूस लागत नाही. आणि माणूस लागत नाही म्हणजे मधे कुणाचा हातच नाही. बघा, काम सोपं करणं आणि काम सुरक्षित करणं, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आता ट्रॅक्टर मागे घेऊया.

आधी टेप बंद. हो, मला माहितीय, उसाचा ट्रॅक्टर आणि गाणी नाहीत असं होत नाही. माझ्याही ट्रॅक्टरवर दोन मोठे स्पीकर आहेत. पण ही पाच मिनिटं टेप बंद, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कानातले इअरफोन बाहेर. "थांब" म्हटलेलं ऐकू आलं पाहिजे.

मग लिफ्टचे दोन्ही आर्म वर उचलून घ्या, टॉप लिंक बाजूला अडकवा. आर्म खाली लोंबत असतील तर मागे घेताना किंवा पुढे वळणावर ते दांडीला घासतात.

आता नेम. सीटवरून हूक नीट दिसत नाही, तो खाली असतो. म्हणून वर दिसेल अशी खूण करा. ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्यावर बरोबर मधोमध एक उभा पांढरा पट्टा रंगवा. ट्रॅक्टरवर टॉप लिंक बसते ती जागाही बरोबर मधोमध असते. ट्रॅक्टर लांबूनच सरळ लाइनमधे आणा, ती जागा आणि पांढरा पट्टा एका रेषेत धरा आणि मागे या. नवशिकी पोरं जवळ आल्यावर स्टेअरिंग फिरवायला लागतात. तिथे फिरवून काही होत नाही. वाकडं वाटलं तर सरळ वीस फूट पुढे जा आणि पुन्हा या. त्यात लाज कसली? माझे अण्णा तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतात, तेही पुन्हा पुढे जातात.

गिअर सगळ्यात हळू चालणारा, लो रेंजमधला. हाताचा थ्रॉटल अगदी कमी. पायात ओली, सटकणारी चप्पल नको. एवढं सांगण्याचा मला हक्क आहे.

खुणा करायला एकच माणूस. बाप एक सांगतोय, गडी दुसरंच सांगतोय, असं नको. तो माणूस ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला, लांब आणि ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहील. आमचा नियम आहे, दादा दिसेनासा झाला की मी ब्रेक मारतो. तो कुठे गेला याचा अंदाज करत बसत नाही.

आता शेवटची वीत.

हूक आणि रिंग यांच्यात वीतभर अंतर उरलं की थांबा. सगळेच इथे घाई करतात. मधला माणूस म्हणतो, "एवढंच राहिलंय, ये." नाही. ट्रॅक्टर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. मग खालच्या माणसानं मधे जाऊन बघायचं. उंची बरोबर आहे का, रिंग बरोबर समोर आहे का. काय कमीजास्त असेल ते करायचं आणि बाहेर यायचं. तो बाहेर येऊन दिसला की मगच ट्रॅक्टर चालू करून ती शेवटची वीत मागे घ्यायची. रिंग हुकाच्या दोन पाट्यांमधे गेली की पुन्हा इंजिन बंद, गिअर टाकून ठेवायचा, हँडब्रेक. आणि आमच्याकडे अजून एक पद्धत आहे. चावी काढून मी ती खालच्या माणसाच्या हातात देतो. चावी त्याच्या खिशात असताना ट्रॅक्टर उडी मारूच शकत नाही. पिन टाकून तो बाहेर आला की चावी मला परत.

लोक हसतात. "चावी काय देताय, लग्न लावताय काय?" हसू द्या.

भोक थोडंसं चुकलं असेल तर बोट घालून चाचपू नका. पहार किंवा लोखंडी सळी घाला आणि तिनं दांडी इकडेतिकडे करा. बोटं पिनच्या मुठीवर, भोकात कधीच नाही.

पिनबद्दल दोन शब्द. पिन नेहमी वरून खाली, म्हणजे धक्के बसले तरी ती आपल्या वजनानं खालीच राहते. पिनच्या खाली क्लिप हवीच. क्लिप हरवली म्हणून तार बांधली, पिन हरवली म्हणून स्लॅबच्या सळईचा तुकडा घातला, हे मी स्वतः केलंय. करू नका. पिनचं लोखंड वेगळं, कडक असतं. साधी सळई वाकते आणि भर रस्त्यात ट्रॉली मोकळी सुटते. एक पिन आणि दोन क्लिपा टूलबॉक्समधे जादा ठेवा.

पिन टाकल्यावर चाकाचे दगड लगेच काढू नका. आधी ट्रॅक्टर अलगद पुढे ओढून बघा. ट्रॉली दगडाला टेकून ताण घेते, पिन जागेवर आहे ते कळतं. मग इंजिन बंद करून स्टँड वर किंवा साखळी सैल, लाइटची वायर, हायड्रॉलिकचा पाइप. दगड सगळ्यात शेवटी काढायचे. सोडताना दगड पहिले, जोडताना दगड शेवटी. एवढं पाठ करा.

पाइपाचं सांगायचं तर डंपिंग ट्रॉलीचा पाइप कधीकधी हुकाजवळच्या कपलरमधे बसतच नाही. लोक हातोडी मारतात. अहो, आत तेलाचा दाब अडकलेला असतो. इंजिन बंद करून लिव्हर दोन-तीन वेळा पुढे-मागे करा, दाब सुटतो. तोंडाची माती फडक्यानं पुसा, पाइप हातानं बसतो.

दोन चाकी ट्रॉलीवाल्यांसाठी एक खास सूचना. चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर असतं. दोन चाकीचं तसं नाही. ती तराजूसारखी असते, मधे चाकं, एका बाजूला दांडी. माल मागे जास्त झाला असेल आणि तुम्ही पिन काढली, तर दांडी खालून वर उसळते. तोंडावर, हनुवटीवर बसते. म्हणून अर्धवट रिकामी केलेली ट्रॉली सोडू नका, आणि पिन काढताना दांडीवर वाकून उभे राहू नका. उलट माल फारच पुढे भरला तर सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला येतो, पुढची चाकं हलकी होतात. रीलमधे ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून चाललेला दिसतो ना, त्याला लाइक भरपूर मिळतात, पण त्या वेळी स्टेअरिंग कशालाच लागत नसतं. माल दोन्हीकडे सारखा आणि किंचित पुढे, असा भरा.

याच्याशीच जोडलेली अजून एक गोष्ट. ट्रॉली चिखलात रुतली की कुणीतरी म्हणतं, "साखळी वर बांध, टॉप लिंकच्या जागेला, जोर चांगला लागतो." हे कधीच करू नका. ओढण्याचा जोर मागच्या एक्सलच्या वर लागला की ट्रॅक्टर त्या एक्सलभोवती मागे पलटी होतो, आणि ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. हूक कंपनीनं खाली दिलाय तो उगाच नाही. ओढायचं ते खालूनच.

दुसरी ट्रॉली कशी जोडायची?

उसाच्या वाहतुकीत आपण दोन ट्रॉल्या लावतो. पहिली चार चाकी ट्रॉली जोडलेली असताना तिच्या मागे दुसरी जोडायला रिव्हर्स घेणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. कारण आता वळायच्या जागा दोन झाल्या, एक हुकापाशी आणि एक टर्नटेबलपाशी. थोडं वाकडं झालं की लगेच घडी पडते. सोपा मार्ग हा, की लांब रिव्हर्स घ्यायचाच नाही. दुसऱ्या ट्रॉलीच्या शेजारून पुढे या, तिच्या समोर सरळ रेषेत गाडी आणा, सरळ होईपर्यंत पुढे जा, आणि मग फक्त दोन-चार हात मागे घ्या. तेवढ्या अंतरात घडी पडत नाही. म्हणूनच दुसऱ्या ट्रॉलीच्या पुढे जागा मोकळी सोडायची. पुन्हा तेच, सोडतानाच विचार.

दोन चाकी ट्रॉली जोडून रिव्हर्स घ्यायची असेल तर एक युक्ती. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात डावीकडे नेला की ट्रॉली डावीकडे जाते, उजवीकडे नेला की उजवीकडे. डोक्यात उलटसुलट हिशोब करावा लागत नाही.

आता एक गंमत सांगतो. आपण आजही मधे माणूस उभा करतो, पण हा प्रश्न एका माणसानं कधीच सोडवला होता. हॅरी फर्ग्युसन. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. ट्रॅक्टरची तीन पॉइंटची लिफ्ट आज आपण वापरतो, तिच्यामागे याचंच डोकं. मॅसी फर्ग्युसन या नावातला फर्ग्युसन तो हाच. १९४६ साली त्याचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर इंग्लंडमधे बनायला लागला. त्याच्या ट्रॉलीसाठी त्यानं असा हूक दिला, की लिफ्टच्या लिव्हरनं तो खाली सोडायचा, ट्रॅक्टर मागे घ्यायचा, हूक दांडीच्या रिंगखाली गेला की लिव्हरनं वर उचलायचा. रिंग अडकली. ड्रायव्हर सीटवरून खाली उतरत नाही, मधे कुणी जात नाही. युरोपात असे हूक आज सर्रास दिसतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना मात्र अजून साधा हूक आणि पिनच आहे. तेव्हा तसा हूक येईपर्यंत साखळी, काठी आणि पांढरा पट्टा हाच आपला फर्ग्युसन.

शेवटचं. रस्त्यावर जाण्याआधी ट्रॅक्टरच्या मागून एक चक्कर मारा. पिन, क्लिप, सेफ्टी चेन, दोन्ही ट्रॉल्यांचे मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टर. डावा-उजवा ब्रेक पेडल एकत्र लॉक केलेला आहे ना ते बघा, नाहीतर रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. रात्री ऊस भरलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटरसायलवाल्याला दिसत नाही, आणि तो मोटरसायकलवाला तुमच्यामाझ्यासारखाच कुणाचा तरी पोरगा असतो. आणि कायद्याच्या भाषेत सांगायचं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच धरली जाते. "ती काय, नुसती ट्रॉली" असं नसतं. मी तर रोज निघताना मोबाईलवर पिनचा आणि मागच्या दिव्यांचा फोटो काढतो. फोटो कुणाला दाखवायचा नसतो. पण फोटो काढायचा म्हटलं की वाकून बघावंच लागतं.

दादा आज आमचा दुसरा ट्रॅक्टर चालवतो. शर्टाची बटणं अजून डाव्या हातानं लावतो. त्याचा मुलगा आता अकरावीत आहे, ट्रॅक्टर मागे घ्यायला शिकतोय. परवा पहाटे तो सीटवर होता आणि खाली मी. शेवटची वीत राहिली तसं त्यानं इंजिन बंद केलं, चावी काढली, वाकून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, घ्या. आता जावा मधे."

दादा लांब उभा राहून बघत होता. काही बोलला नाही.

तर मंडळी, आज रात्री ट्रॉली सोडायला जाल तेव्हा पाच मिनिटं जास्त द्या. सपाट जागा, सरळ दांडी, चाकाला दगड, उंचीला साखळी. सकाळी तुमच्या घरात ओरडा होणार नाही. झालाच तर तो टेप का बंद केला म्हणून होईल.

हा भाग तुमच्या गावातल्या एका तरी ट्रॅक्टरवाल्याला ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, राम राम!